लाटणं, हंडा आणि मृणाल गोरे

ओसरी (धागाकर्ती)

आईचं गोरेगावचं घर रिकामं करायचं काम गेले तीन रविवार चाललंय. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, महिनाअखेर चाव्या द्यायच्या. माळ्यावरून दोन पितळी कळशा निघाल्या, एक बिनपिनेचा प्रायमस निघाला आणि जुन्या साडीत गुंडाळलेलं एक लाटणं. लाटण्याला एका टोकाला चीर गेलेली. आईने या लाटण्यावर कधी पोळ्या केल्या नाहीत. लहानपणी मी ते भातुकलीला मागितलं की म्हणायची, "हात लावू नकोस, ते मोर्चाचं आहे." घरातल्या बाकी लाटण्यांना नाव नव्हतं, याला होतं.

माझी लेक मदतीला होती. तिला म्हटलं, आजी हे घेऊन मृणालताईंच्या मोर्चाला गेली होती. ती म्हणाली, "मृणालताई म्हणजे तो फ्लायओव्हर?"

तिची चूक नाही. द्रुतगती मार्गाकडून एस. व्ही. रोडला उतरणाऱ्या पुलाला त्यांचं नाव आहे आणि तिच्या पिढीला ते रिक्षावाल्याला सांगण्यापुरतंच लागतं. मी सांगायला बसले, तर मलाही धड सांगता येईना. गोरेगावच्या पाण्यासाठी लढलेली 'पाणीवाली बाई' म्हटलं आणि गाडी थांबली. मग रात्री बसून जेवढं पक्कं माहीत होतं ते लिहून काढलं.

जन्म २४ जून १९२८, माहेरच्या मोहिले. डॉक्टर व्हायला निघालेली हुशार मुलगी, राष्ट्र सेवा दलात आली आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट टाकून कामाला लागली. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी १९४८ साली आंतरजातीय लग्न. दोघं समाजवादी, दोघांचा संसार गोरेगावात. बंडू गोरे १९५८ साली गेले. वय तिशीचं, पदरात लहान मुलगी. तेव्हाच्या रीतीप्रमाणे लोकांनी 'आता ही घरात बसणार' असं धरलं असेल. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या.

आई म्हणायची ते असं: "बाई यायच्या, चटईवर बसायच्या आणि विचारायच्या, नळ किती वाजता येतो, किती वाजता जातो, तुमच्या मजल्यावर किती हंडे भरतात. लिहून घ्यायच्या. आम्हाला आधी कुणी विचारलंच नव्हतं." माझ्या डोक्यात हेच राहिलंय. घोषणा नंतर आल्या, आधी हंडे मोजले गेले.

तुमच्याकडे काही आठवणी, माहिती असेल तर लिहा. ऐकीव असेल तर तसं म्हणा. लेकीला वाचायला देणार आहे.

फलाट_दोन

सुंदर धागा. माझी आजी मालाडची. तिच्याकडून ऐकलेलं: हंडा मोर्चाला निघताना बायका हंडे रिकामे न्यायच्या आणि वाटेत वाजवायच्या. रिकाम्या हंड्याचा आवाज भरलेल्याच्या दहापट. गोरेगाव स्टेशनवर गाडीत चढताना डब्यातले पुरुष आधी वैतागायचे, मग कळलं की सरकून जागा द्यायचे. (ऐकीव.)

निवृत्त_चावीवाला

मी पाणी खात्यात होतो, आयडी थट्टेने घेतलाय, प्रत्यक्षात व्हॉल्व्ह फिरवणारे वेगळे आणि आम्ही कागद फिरवणारे वेगळे. थोडं तांत्रिक लिहितो, कारण 'पाणी नव्हतं' एवढ्याने काही कळत नाही.

मुंबईचं पाणी पहिल्यापासून शहरासाठी आणलेलं. विहार १८६० चा, तानसा १८९२ चा. विहार तलाव कुठे आहे? गोरेगावच्या पूर्वेला, डोंगरापलीकडे. म्हणजे तलाव गोरेगावच्या पाठीला आणि पाणी जायचं दक्षिणेला. त्या काळी गोरेगाव मुंबईत नव्हतंच. महापालिकेची हद्द १९५० साली वाढली, मग १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा गोरेगाव आत आलं. हद्द वाढवायला नकाशावर एक रेघ पुरते, पण पाण्याची लाइन टाकायला खोदावं लागतं. माणसं आली, चाळी आल्या, कारखाने आले, नळ मागे राहिला.

आणि मुंबईचं पाणी चोवीस तास नसतं, वेळ लावून सोडतात. दाब जवळच्याला जास्त, लाइनच्या शेवटच्या टोकाला कमी. तळमजल्यावर धार, दुसऱ्या मजल्यावर करंगळी, चढावरच्या वस्तीत नुसती हवा. त्यामुळे 'पाणी द्या' अशी मागणी केली की अधिकारी सांगणार, 'देतोय की'. तुमच्या आईंनी सांगितलेली ती वही (किती वाजता, किती हंडे) हे त्यावरचं उत्तर. नोकरीला लागलो तेव्हा जुने साहेब सांगायचे, मृणालबाई आल्या की आधी आपण आपले आकडे बघून घ्यायचे, कारण त्यांच्याकडे असतातच. बाईंना बघून कुणी घाबरत नसे, त्यांच्या हातातल्या कागदाची भीती होती.

कावळोबा

पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!!

ओसरी

कावळोबा, याचीच वाट बघत होते. ही घोषणा मी स्वतः ऐकली आहे. १९७७, मी नऊ वर्षांची. निकालाच्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलंच नाही. अर्थ कळला नव्हता, आम्ही पोरं मात्र घसा बसेपर्यंत ओरडलो. मला वाटायचं दिल्लीवाली बाई, म्हणजे इंदिरा गांधी, खरंच कुठल्या तरी तळ्यात पडली आहे.

जुना_अग्रलेख

७७ चं चित्र पूर्ण सांगतो, नुसत्या घोषणेने त्या निवडणुकीचं वजन लक्षात येत नाही. मुंबईतल्या सहाच्या सहा जागा काँग्रेसने गमावल्या. उत्तर मुंबईत मृणाल गोरे, उत्तर मध्यमध्ये मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, वायव्येला राम जेठमलानी (त्यांनी कायदामंत्री गोखल्यांना पाडलं), ईशान्येला सुब्रमण्यम स्वामी, दक्षिणेला रतनसिंह राजदा, दक्षिण मध्यला बापूसाहेब कांबळे. सहा जणांना एका टेबलावर जेवायला बसवलं असतं तर आमटी येईपर्यंत भांडण लागलं असतं. जमले ते आणीबाणीमुळे.

आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत होत्या, मग पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटं ठेवलं होतं. मुंबईच्या बाईला अकोल्यात ठेवण्यामागचा हिशोब उघड आहे, भेटायला येणाऱ्याचा दिवस मोडतो.

निवडून आल्यावर मोरारजींनी आरोग्य खातं देऊ केलं आणि त्यांनी नको म्हटलं. आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.

आणि एक, त्यांची सुरुवात दिल्लीपासून मोजू नका. त्याआधी १९७२ ला त्या विधानसभेत गेल्या होत्या, आणि पुन्हा १९८५ ला. १९८८-८९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. त्या खुर्चीवर बायका किती बसल्या, शोधून बघा.

खडूस_पार्लेकर

आदर आहेच, पण आरती चालू झाली की मला मध्ये टाळ्या वाजवता येत नाहीत. तीन मुद्दे.

एक, मंत्रिपद नाकारलं याचं इतकं कौतुक का? आरोग्य खातं हातात घेऊन चार रुग्णालयं सुधारली असती तर? समाजवाद्यांचा हा जुना रोग, सत्ता विटाळ असल्यासारखी वागवायची आणि मग सत्तेत गेलेल्यांना शिव्या द्यायच्या. दोन, ज्या जनता पक्षासाठी लोक रात्रभर जागले तो अडीच वर्षांत भांडून मोडला. तीन, गोरेगाव ज्यांचा बालेकिल्ला होता त्या समाजवाद्यांचा आज तिथे नगरसेवक तरी आहे का? संघटना मागे राहत नसेल तर मोठेपण त्या व्यक्तीपुरतंच राहतं.

वाळवण

खडूसराव, तुमचा तिसरा मुद्दा मला झोंबला, कारण खरा आहे. माझे वडील सेवा दलवाले. पक्ष फुटला की आमच्या घरात दोन काका एकमेकांशी बोलेनासे व्हायचे. प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, मग पुन्हा समाजवादी, जनता, जनता दल. आई म्हणायची, यांच्या पक्षाची नावं पाठ करण्यापेक्षा रामरक्षा सोपी.

पण पहिला मुद्दा पटला नाही. खातं न घेता त्यांनी काय केलं हेही बघा ना. १९८१-८२ चं सिमेंट प्रकरण. तेव्हा सिमेंट कोट्यावर मिळायचं, घर बांधणाऱ्याला पोत्यापोत्यासाठी अर्ज करावे लागायचे. मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंट जास्त मिळालं, असा आरोप. उच्च न्यायालयात गेले ते बाबूराव सामंत, मृणालताई ही गोरेगावची मंडळी. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. अंतुल्यांची बाजू मांडणारे तेव्हाही होते, आजही आहेत, कोकणात विचारून बघा. पण रस्त्यावरचा माणूस कोर्टात कागद घेऊन जातो आणि सरकार हलतं, हे तेव्हाच्या मुंबईने पाहिलं.

लेबररूम

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, पश्चिम उपनगरात. पाण्यावरच बोलताय म्हणून मध्ये पडते.

मी शिकत होते तेव्हा, ऐंशीच्या दशकात, गर्भजलपरीक्षा मुलगी आहे का बघायला सर्रास व्हायची. लोकलच्या डब्यात जाहिराती असायच्या, आत्ता थोडे खर्च करा आणि पुढे हुंड्याचे लाखो वाचवा अशा अर्थाच्या. लपूनछपून काही नव्हतं, कारण बेकायदा नव्हतंच. तेव्हा मुंबईत महिला संघटना, डॉक्टर, वकील एकत्र आले आणि विधानसभेत हा विषय अशासकीय विधेयकाने (म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या) नेला तो मृणालताईंनी. अशासकीय विधेयकं फारशी मंजूर होत नाहीत, पण सरकारवर दडपण येतं. १९८८ साली महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

त्या पहिल्या कायद्यात भोकं होती. राज्यापुरता होता, माणसं गाडी पकडून दुसऱ्या राज्यात जायची. मुली वाचल्या किती, हा वेगळा आणि दुःखाचा विषय. पण आज माझ्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या यंत्रासमोर जी पाटी लावावी लागते आणि प्रत्येक तपासणीचा जो फॉर्म भरावा लागतो, त्याची सुरुवात तिथून आहे. फॉर्म भरताना मी वैतागते, ते वेगळं.

वैद्यकीय शिक्षण सोडलेल्या बाईने डॉक्टरांना असं धारेवर धरावं, याची मला मनातून गंमत वाटते.

निवृत्त_चावीवाला

लेबररूम, +१. 'पाणीवाली' हे नाव प्रेमाचं, पण त्या नावाने बाकीचं झाकलं.

तिखटमीठ

लाटण्याबद्दल कुणी बोलतच नाहीये! ७२ चा दुष्काळ, त्यानंतरची महागाई. रॉकेलला रांग, तेलाला रांग, रेशनवर लाल मिलो, ज्याची भाकरी तोंडात फिरायची. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, कमल देसाई. यात समाजवादी, दोन्ही कम्युनिस्ट, सगळ्या जणी. यांचे नवरे-भाऊ वेगवेगळ्या व्यासपीठांवरून एकमेकांची सालटी काढत होते आणि या एकत्र मोर्चे काढत होत्या.

लाटणं का, तर ते हातात घेऊन रस्त्यावर आलेली बाई कुणालाही ओळखू येते. झेंडा धरला असता तर 'कुठल्या पक्षाची' विचारलं असतं. शिवाय घरी सासूला सांगता यायचं, 'शेजारी लाटायला चाललेय.' माझ्या मोठ्या मावशीने खरंच असं सांगून घर सोडलं होतं. संध्याकाळी सासू म्हणाली, पोळ्या कुठायत?

ओसरी

तिखटमीठ, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या आजीला आईने खरं सांगितलं होतं, आणि मला आजीकडे सोडून गेली होती. मी चार-पाच वर्षांची. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की आई परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि ती खूप बोलत होती. एरवी बाबांसमोर ती मान वर करून बोलत नसे. लाटण्याला चीर कशी पडली ते तिने तीन वेळा तीन प्रकारे सांगितलं आहे. एकदा फुटपाथच्या कठड्यावर आपटून, एकदा मैत्रिणीच्या थाळीवर, आणि एकदा एका हवालदाराच्या पायाशी पडलं म्हणून. शेवटचं तिने साठीनंतर सांगायला सुरुवात केली, तेव्हा काय ते समजा.

खडूस_पार्लेकर

हवालदारवालं खरं धरा. आईंचा मान राहील.

बरं, मी जरा मऊ होतो. नागरी निवाराबद्दल कुणी लिहाल का? दिंडोशीत माझा भाचा राहतो, ती वसाहत यांच्याच लढ्यातली ना?

डोंगरउतार

मी तिथेच राहतो, म्हणून लिहितो. १९७६ साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला. शहरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन एकाकडे असेल तर सरकारने घ्यावी आणि गरिबांच्या घरांसाठी वापरावी. कागदावर फार छान. प्रत्यक्षात सुटीच्या कलमांतून जमिनी सुटत गेल्या. नागरी निवारा परिषद म्हणून मृणालताई, बाबूराव सामंत यांनी सरकारला विचारलं, कायदा आहे, जमीन आहे, मग घरं कुठायत? वर्षानुवर्षं कोर्ट, मोर्चे, मंत्रालयाच्या पायऱ्या. शेवटी गोरेगाव पूर्वेला, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाच्या बाजूला जमीन मिळाली आणि सहा हजारांवर घरं उभी राहिली. कारकून, शिपाई, शिक्षिका, गिरणीतून घरी बसलेले, अशांची.

वडिलांनी भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या अजून आहेत. सुरुवातीला इथे रात्री रिक्षावाले यायचे नाहीत. बाबा डोंगराकडे हात करून म्हणायचे, 'बिबट्या येतो पण बस येत नाही.'

आता तीच घरं विकली जातात त्या भावात माझ्यासारख्याला इथे भाड्यानेही राहणं परवडलं नसतं. याला यश म्हणायचं की अपयश, यावर आमच्या गच्चीत दर कोजागिरीला वाद होतो. माझं मत: वडिलांना घर मिळालं, मी मुंबईत राहिलो. कायदा मात्र महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला, म्हणजे पुढच्यांसाठी ती वाट बंद.

कावळोबा

@डोंगरउतार पुनर्विकासाचं काय म्हणतायत तिकडे?

डोंगरउतार

अवांतर आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. नाहीतर हा धागा पळवला जाईल.

बिनपाण्याची

इतका वेळ नुसती वाचत होते. मी मालाडच्या मालवणीजवळच्या एका वस्तीत वाढले, नव्वदनंतर. तुम्ही सगळे 'होतं', 'असायचं' म्हणून लिहिताय म्हणून सांगते. आम्ही पाणी विकत घेतलं. कॅनने, पिंपाने. मी शाळेत उशिरा जायचे कारण सकाळी पाणी भरायची पाळी माझी असायची. बाईंनी वर्गात कारण विचारलं की 'पाणी' सांगायची लाज वाटायची, मी 'ताप' सांगायचे. इतका ताप आलेली मुलगी शाळेत दुसरी नसेल.

वस्ती अमुक सालाच्या नंतरची असेल तर नळजोडणी नाही, असा नियम होता. पाणी हक्क समितीने कोर्टात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्यानंतरही अर्ज, कागद, पाइप कुठून न्यायचा, हे चालूच राहिलं.

माझ्या आईला मृणाल गोरे नाव माहीत नाही. तिने पण हंडा घेऊन वॉर्ड ऑफिस गाठलेलं आहे, दोनदा.

ओसरी

बिनपाण्याची, तुमचा प्रतिसाद लेकीला सगळ्यात आधी वाचून दाखवला. 'ताप' वाल्या ओळीशी ती थांबली. म्हणाली, "मग हे संपलंच नाहीये." मी गप्प बसले.

तुमच्या आईने ऑफिसात काय सांगितलं, आठवत असेल तर लिहाल?

बिनपाण्याची

काही सांगितलं नाही ताई. हंडा साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिली. शिपाई उठवायला आला तर म्हणाली, भरून द्या, उठते.

निवृत्त_चावीवाला

अशा टेबलाच्या पलीकडे मी बसलोय. जास्त लिहवत नाही.

जुना_अग्रलेख

ओसरीताई, लाटणं फेकू नका. गोरेगाव पश्चिमेला आरे रोडवर केशव गोरे स्मारक आहे. बंडू गोऱ्यांच्या नावाने मृणालताईंनी उभं केलेलं, सभा-व्याख्यानं-वाचनालय सगळं तिथे चालतं. त्यांना विचारून बघा. मृणालताई १७ जुलै २०१२ ला वसईत गेल्या. तेव्हाही तुमच्या आईसारख्या बऱ्याच बायका जमल्या असतील, ज्यांची नावं कुठल्याच बातमीत आली नाहीत.

ओसरी

जुना_अग्रलेख, स्मारकात द्यायचं माझ्याही मनात होतं. पण या रविवारी शेवटची खोकी बांधताना लाटणं सापडेना. लेकीने ठाण्याला तिच्या भाड्याच्या खोलीवर नेलंय. मला न विचारता. रात्री फोटो पाठवला, परातीत कणिक, बाजूला आजीचं लाटणं, आणि तव्यावर भारताचा नकाशा. म्हणते, चिरेमुळे पोळी एका बाजूला जाड होते, काय करू?

तिखटमीठ

पोळी फिरवत लाटायला सांगा, लाटणं एकाच हाताने दाबू नकोस म्हणावं. आणि चिरेत पीठ अडकतं, धुऊन उन्हात ठेवायला सांगा, नाहीतर मुंग्या लागतील.